ऑपरेशन थिएटरमधलं निळं रॅप शिवायला घेताय? या चुका टाळा

सीएसएसडीतून, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागातून, शस्त्रक्रियेच्या हत्यारांचे ट्रे ज्यात गुंडाळून येतात ते निळं एसएमएस रॅप म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे तीन थर. बाहेरचे दोन स्पनबॉन्ड (सलग धाग्यांचे), मधला मेल्टब्लोन (अतिबारीक तंतूंचा); या तिघांच्या आद्याक्षरांवरून एसएमएस. हलकं, चिवट, पाणी न शोषणारं. पिशव्या, एप्रन, सामानावरची आच्छादनं यांसाठी उत्तम. बिघडतं ते घाईमुळे.

पहिला घोळ गोळा करताना होतो. पेशंट आत येण्याआधी सुटलेलं रॅप तेवढंच घ्यायचं. दुहेरी गुंडाळलेल्या ट्रेचं आतलं रॅप ट्रॉलीवर पसरून शस्त्रक्रिया संपेपर्यंत तिथंच राहतं, ते वगळा. नेहमी होतं असं: गोणी कोपऱ्यात दिवसभर उघडी, गर्दीत कुणीतरी त्यातच ग्लोव्हज टाकतं, कुणी रक्ताचा गॉज. शिवणाऱ्या बाईच्या हाताला सूचर नीडल (जखमेला टाके घालायची सुई) लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. अशी गोणी निवडत बसू नका, अख्खी दूषित कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाऊ द्या. आणि पिवळ्या-लाल पिशवीत एकदा गेलेलं काहीही परत काढायचं नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ते थेट ठरलेल्या प्रक्रियेलाच जातं. साधी सवय लावा: पिशवी पारदर्शक, आणि पेशंट आत यायच्या आधी तोंड बांधून बाहेर. जबाबदारी एकाच सिस्टरची. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

दुसरा घोळ मशीनवर. सुती कापडासारखा दोन मिलिमीटरचा टाका घातला की सुईची भोकं जवळजवळ पडतात आणि वजन येताच रॅप पोस्टाच्या तिकिटासारखं त्या ओळीवरच फाटतं. टाका साडेतीन ते चार मिलिमीटर, सुई ११ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा. टाचण्या नकोत, त्यांची भोकं बुजत नाहीत. कपड्यांचे चिमटे लावा. उलटी शिलाई टाळून दोऱ्याला गाठ मारा. पिशवीचे बंद (धरायचे पट्टे) रॅपचे करू नका: सुती पट्टी घ्या, ती तळाखालून फिरवा, म्हणजे भार पट्टीवर येतो. हे वेळखाऊ वाटत असेल तर भाजीची पिशवी शिवूच नका, एप्रन शिवा.

इस्त्री तर लावूच नका. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं. घडी चमच्याच्या पाठीने दाबली की बसते.

रॅपवरची इंडिकेटर टेप (निर्जंतुकीकरणाची खूण दाखवणारी चिकटपट्टी) ओढू नका, वरचा थर सोलून येतो. टेपच्या कडेने कापून टाका.

सतत उन्हात ठेवलं तर कडक होऊन तुकडे पडतात, म्हणून गच्चीवरच्या झाकणासाठी नको.

आणि मास्क शिवून ‘सर्जिकल’ म्हणून विकणाऱ्यांना रॅप देऊच नका.