किनाऱ्यावरच्या गावात येताय? या चुका टाळा

कर्दे-मुरूडपासून हर्णै, आंजर्ले, केळशीपर्यंत आमचा दापोलीचा किनारा. पाहुणे दरवर्षी नवे, चुका मात्र त्याच.

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे गाडी पुळणीत घालणं. ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक दिसते, आणि चाकं सुरुवातीला बुडतही नाहीत. मग फोटो, मग गोल गोल फेऱ्या. तेवढ्यात भरती सुरू होते, टणक पट्टा पाण्याखाली जातो आणि परतायला उरते ती वरची भुसभुशीत वाळू.

मागे डिसेंबरअखेरीस एक मोठी गाडी अशीच उतरली. आमच्या वाडीतल्या एका आजोबांनी हटकलं, "अहो, पाणी चढतंय, गाडी वर घ्या." उत्तर आलं, "काका, फोर बाय फोर आहे!" पाचच मिनिटांत पुढचं चाक रुतलं. यांनी ॲक्सिलरेटर दाबला, चाकाने स्वतःचाच खड्डा खणला आणि गाडीचं पोट वाळूवर टेकलं. पोट टेकल्यावर चारही चाकं हवेत भिरभिरल्यासारखीच. ट्रॅक्टर आला, पहिला दोर तुटला, दुसरा बांधेस्तोवर पाणी दारात. भर म्हणजे, भिजलेलं इंजिन चालू होतं का ते पाहायला एकाने चावी फिरवली. इंजिन गेलंच. एवढं होऊन ट्रॅक्टरवाल्याशी दोनशे रुपयांवरून घासाघीस!

गाडी सुरूच्या बनापाशी ठेवा आणि पायी जा, चार पावलं तर आहेत. तरी रुतलीच तर आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. माणसं उतरवा, चाकांपुढची-मागची वाळू उपसा, टायरमधली हवा जवळपास निम्मी करा, चाकाखाली नारळाच्या झावळ्या घाला आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे घ्या. दोनदा जमलं नाही तर ट्रॅक्टर बोलवा, भाव न विचारता. बाहेर आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा.

भरतीची वेळ बघायला ॲप आहेत, पण मी अजून कालनिर्णयच बघतो. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण सव्वाअकरा. ही भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि आतही जास्त जातं. पाणी उतरत असताना पोहायला जाऊ नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा आणि मग वळा. हे पाठ करायला मिनिटही लागत नाही, पण लोकांना आधी रील काढायचं असतं.

जेवण आधी सांगा. इथे घरगुती खानावळी आहेत, तुम्ही सांगाल तेवढाच भात शिजतो. रात्री दहाला येऊन उकडीचे मोदक मागणाऱ्यांना मी आता फक्त हसतो.

रोख पैसे आणा. रेंज गेली की यूपीआयही गेलं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरलात तर बर्फातली मिळेल. त्यापेक्षा सुकट किंवा खाडीचं काय मिळतंय ते विचारा.

नकाशावर दाखवलेला रस्ता खाडी ओलांडत असेल तर तिथे पूल आहे की फेरीबोट, ते नीट पाहा. वेश्वी-बागमांडले आणि दाभोळ-धोपावे इथे फेरीबोट आहे. शेवटची फेरी कधीची, ते निघण्याआधी विचारा, नाहीतर काळोखात लांबचा वळसा पडतो.

वेळासला कासवं बघायला जाणाऱ्यांचा धीर तर फारच थोडा. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लं कधी बाहेर येतील ते वाळूची ऊब ठरवते, तुमची सुट्टी नव्हे. "पैसे भरून आलोय, पिल्लं कुठायत?" असं विचारणारे मी पाहिलेत. किमान दोन रात्री ठेवा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जा, फ्लॅश बंद ठेवा आणि दोरीच्या आत पाय टाकू नका. त्यातूनही एकही पिल्लू दिसलं नाही, तर होमस्टेवाल्या काकूंवर चिडू नका. अंडी त्यांनी घातलेली नाहीत.