कॉलेजची मान्यता आधी तपासा, आय-२० नंतर घ्या

दर उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या बे एरियात नवीन आलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. खोली कुठे घ्यावी, लायसन्स कसं काढावं, पोळ्या कुठे मिळतात, हे सगळं विचारून झालं की शेवटी जरा दबकत एक प्रश्न येतो: "इथली फी झेपत नाही हो. एका छोट्या युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर मिळतेय, पहिल्या दिवसापासून सीपीटीवर काम करता येतं. घेऊ का?" सीपीटी म्हणजे शिकता शिकता बाहेर काम करण्याची परवानगी. बाकी सगळं तुम्ही महिनाभरात शिकाल. याचं उत्तर मात्र आत्ताच समजून घ्या.

भारतात पदवी देण्याचा अधिकार कुणाला, हे १९५६ च्या यूजीसी कायद्याने ठरतं. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच जाहीर करते आणि त्या यादीत नागपूरचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. अमेरिकेत असा एकच दरवाजा नाही. राज्य सरकार संस्था चालवायला परवानगी देतं. कॅलिफोर्नियात हे काम ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशन बघतो. परदेशी विद्यार्थ्यांना आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा दाखला, देण्याची परवानगी होमलँड सिक्युरिटी खात्याची, म्हणजे त्यातल्या सेव्हीपी या विभागाची. आणि शिक्षणाच्या दर्जाची पारख करून मान्यता, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन, खासगी संस्था देतात. त्यातल्या कोणत्या विश्वासार्ह, हे केंद्रीय शिक्षण खातं ठरवतं. पहिल्या दोन परवानग्या असूनही तिसरी नसू शकते. एजंट नेमकी हीच फट वापरतात. "गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड आहे, आय-२० मिळतोय, मग काय हवं?" हे ते खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात.

उरलेलं अर्धं दोन वर्षांनी कळतं. साधी १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून काम करण्याची परवानगी, मिळून जाते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीची पुढची २४ महिन्यांची स्टेम ओपीटी मात्र मान्यताप्राप्त संस्थेच्या पदवीवरच मिळते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या ६५,००० जागांच्या सोडतीत तुम्ही भारतातल्या बीईवरही बसता, पण अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठीच्या वेगळ्या २०,००० जागांसाठी संस्था सरकारी किंवा ना-नफा हवी आणि पदवी मिळाली त्या दिवशी तिला मान्यता असायला हवी. "मान्यतेसाठी अर्ज केलाय, पुढच्या वर्षी येईल" या कॉलेजच्या बोलण्यावर विसंबू नका. नंतर आलेली मान्यता तुमच्या पदवीला मागे जाऊन लागू होत नाही. टेक्साससारख्या राज्यात तर निकृष्ट ठरवलेली पदवी नोकरीसाठी वापरणं हा गुन्हा आहे. भारतात परतलात तरी पदवीची समकक्षता ठरवताना ती संस्था तिच्या देशात मान्यताप्राप्त आहे का, हे पाहिलं जातं.

प्लेझंटनची ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी इथल्या जुन्या लोकांना चांगलीच आठवते. खोटी माहिती देऊन तिने सेव्हीपीची परवानगी मिळवली होती. शेकडो मुलांचा पत्ता कागदोपत्री सनीव्हेलमधल्या एकाच अपार्टमेंटचा होता. जानेवारी २०११ मध्ये छापा पडला आणि आपल्याकडच्या काही मुलांच्या पायांत रेडिओ पट्टे बांधले गेले. भारत सरकारने त्याचा निषेध केला. संस्थापिकेला २०१४ मध्ये १६ वर्षांहून अधिक कैद झाली, पण मुलांची गेलेली वर्षं काही परत आली नाहीत. त्यातली बहुतेक मुलं तेलुगू होती. म्हणून ते आपल्याला लागू नाही, असं कृपा करून समजू नका.

मिशिगनमधली युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन तर इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून उभी केली होती. तिथे वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. तरी एका मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत तिचं नाव होतं. २०१९ च्या जानेवारीत १२९ भारतीय मुलं ताब्यात घेतली गेली. मुलांना असं फसवणं मला आजही अन्यायाचं वाटतं. पण त्यातून एक कसोटी हाती लागते: यादीत नाव असलं तरी वर्ग भरतो का, शिकवतं कोण, परीक्षा होते का, हे स्वतः जाऊन बघा.

यादी बघायची ती केंद्रीय शिक्षण खात्याच्या डॅपिप या संकेतस्थळावर, कॉलेजच्या जाहिरातीत नाही. मान्यता कुणी दिली आणि कोणत्या तारखेपासून, तेही वाचा. एसीआयसीएस या संस्थेने मान्यता दिलेली कितीतरी कॉलेजं होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शिक्षण खात्याने तिचीच मान्यता काढून घेतली. पहिल्या दिवसाची सीपीटी हीच जर कॉलेजची मुख्य जाहिरात असेल तर थांबा. सीपीटी अभ्यासक्रमाचाच भाग असावी लागते, आणि पूर्णवेळ १२ महिने केलीत तर त्या पातळीची ओपीटी जाते.

खर्चाची अडचण खरी आहे; घर गहाण टाकून आलेली मुलं मी पाहिली आहेत. अशा वेळी आधी सध्याच्या कॉलेजच्या डीएसओशी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोला. कॅम्पसवरचं काम, असिस्टंटशिप, कमी फीचं सरकारी विद्यापीठ, हे मार्ग हळू आहेत, पण पक्के आहेत.

आणि अशा एखाद्या ठिकाणी आधीच नाव घातलं असेल तर घाबरून गप्प बसू नका. हजेरी, असाइनमेंट, फीच्या पावत्या, शिक्षकांचे ईमेल, सगळं जपून ठेवा. चांगल्या इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन एकदा भेटा. भेटीआधी ट्रान्स्फरची तारीख किंवा नोकरी बदलू नका. आई-बाबांनाही सांगा. बातमीतून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं त्यांना सोसेल.