सिंहगड–राजगड–तोरणा वाटेचा डिजिटल नकाशा: नवख्यांसाठी काही अनुभव

पुण्यात राहून पायवाटांच्या नकाशाचे काम शिकायचे असेल, तर सिंहगड–राजगड–तोरणा या वाटेसारखी दुसरी शाळा नाही, कारण डोंगरधार, शेताचे बांध, गावातला डांबरी रस्ता आणि कातळातली चढण हे सारे या एकाच वाटेवर भेटते. मोबाइलवर ट्रॅक सुरू करून चालत गेले की नकाशा झाला, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात हाती येते ती केवळ एक रेघ, आणि ती रेघ वाटसरूला कुठे चकवा बसेल याबद्दल काहीच सांगत नाही.

निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत संगणक-प्रणालीत उघडावेत आणि अंतरे मीटरमध्ये मोजता यावीत म्हणून प्रकल्पाला यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमधली निर्देशांक-प्रणाली द्यावी. उंचीसाठी बहुतेक जण फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीची माहिती वापरतात. तिची एक चौकट साधारण ३० मीटरची असल्यामुळे राजगडाच्या संजीवनी माचीखालचा उभा कडाही पडद्यावर निमूट उतारासारखा दिसतो, म्हणून केवळ तिच्या भरवशावर वाट आखणे मला धोक्याचे वाटते.

खरी कसोटी फाट्यांवर लागते. सिंहगडाच्या कल्याण दरवाजातून उतरून धारेला लागल्यावर ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच, कधी कधी तिच्याहूनही ठळक दिसतात. अशा प्रत्येक फाट्यावर थांबून बिंदू नोंदवावा, दोन्ही वाटांची छायाचित्रे घ्यावीत आणि चुकीची वाट कुठे जाते तेही लिहावे. ‘डावी वाट ओढ्यात उतरते, धार सोडू नये’ एवढी नोंद रेषेपेक्षा अधिक उपयोगी पडते. पावसाळ्यानंतर गवत वाढून याच वाटा बुजतात, त्यामुळे नोंदीसोबत महिना हवाच, आणि पाण्याच्या टाक्यांबाबत तर तो अनिवार्य समजावा. खिंडी, ओढे आणि वस्त्यांची नावे गुराख्यांना विचारावीत; दोन वाड्यांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही ठेवावीत. अंतर मात्र त्यांना विचारू नये, कारण ‘हे काय, समोरच’ या उत्तरात निदान एक डोंगर लपलेला असतो.

घरी परतल्यावर ट्रॅकची साफसफाई करावी लागते. विश्रांतीच्या जागी जीपीएसचे बिंदू इकडेतिकडे भरकटून गुंता होतो आणि अंतर उगाच फुगते, म्हणून तो गुंता हाताने काढावा. रेषेतले बिंदू कमी करून ती सोपी करताना मूळ वाटेपासून सरकण्याची सूट फार मोठी दिली, तर नागमोडी चढणीची वळणेच पुसली जातात. वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम प्रचलित आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. त्यात उताराचा हिशेब नसल्यामुळे आपल्या घसाऱ्याच्या उतरणींना वेगळा वेळ धरावा. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर वाट चढवताना गूगलच्या उपग्रहचित्रांवरून रेषा गिरवू नयेत, परवान्यानुसार ते चालत नाही. स्वतःचा ट्रॅक वापरावा आणि वाट किती स्पष्ट दिसते याची खूण भरावी.

नोकरीच्या मुलाखतीत हे काम दाखवायचे असल्यास साफ केलेल्या फाइलसोबत मूळ जीपीएक्स फाइलही (जीपीएसने नोंदवलेला कच्चा ट्रॅक) ठेवावी आणि कोणते बिंदू का वगळले, हे तोंडी सांगण्याची तयारी करावी.