व्हॉल्यूम उतरवल्यावर गिटारचा आवाज बोथट होऊ नये म्हणून काय करावे

कोल्हापुरात गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला गायकाचा अंतरा सुरू झाला की व्हॉल्यूम उतरवावाच लागतो, आणि नेमका तेव्हाच इलेक्ट्रिक गिटारचा आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो. अशा वेळी पिकअप, म्हणजे तारांचे कंप टिपणारा भाग, बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये, कारण दोष पिकअपचा नसतो.

एका वेटोळ्याच्या पिकअपला (सिंगल कॉइल) सहसा २५० आणि दोन वेटोळ्यांच्या पिकअपला (हंबकर) ५०० किलोओहमचे पॉट, म्हणजे नॉबखालचा कमीजास्त होणारा रोध, असते. टोनचा कपॅसिटर अनुक्रमे ०.०४७ आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचा असला म्हणजे पुरे. महागड्या कपॅसिटरवर पैसे घालवू नयेत. पावसाळ्यात नॉब खरखरू लागला, तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा.

खरी मेख व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये आहे. नॉब १० वरून खाली आणला की पिकअप आणि केबल यांच्यामध्ये रोध येतो, आणि केबल स्वतःच लहानशा कपॅसिटरसारखी वागते. मीटरला १०० पिकोफॅरड धरले, तर सहा मीटर केबलचे ६०० होतात. ५०० किलोओहमचे पॉट विद्युतदृष्ट्या निम्म्यावर असताना त्यामुळे साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचा ट्रेबल, म्हणजे आवाजातला धारदार भाग, गळू लागतो. म्हणून आधी आखूड केबल लावून पाहावी.

तेवढ्याने भागले नाही, तर पॉटच्या पिकअपकडील पायापासून मधल्या पायापर्यंत ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, पण नुसता कपॅसिटर कधीही लावू नये. ‘एवढेच पुरते’ असे सांगणाऱ्याने नॉब ३ वर आणून ऐकलेले नसते. तिथे खर्ज जातो, ट्रेबल तेवढा उरतो आणि आवाज पत्र्यासारखा किरटा होतो. कपॅसिटरला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडल्यास तोल सावरतो, मात्र नॉबची चाल बदलते. ती बदललेली मला खपत नाही, म्हणून मी १३० किलोओहमचा रेझिस्टर ०.००१२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरशी एकसरीत जोडतो. पॉट मात्र ‘ए’ छापाचे (लॉगॅरिदमिक) घ्यावे. ‘बी’ छापाच्या (लिनियर) पॉटवर आवाज बराच वेळ हलत नाही आणि शेवटी एकदम पडतो.

टोनचा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला जोडण्याची जुनी पद्धतही ट्रेबल बऱ्यापैकी राखते, पण त्यात टोन फिरवला की व्हॉल्यूमही हलतो.

सोल्डर करण्याआधी रेझिस्टरच्या समांतर आणि एकसरीतल्या दोन्ही जोडण्या क्रोकोडाइल क्लिप लावून, रंगमंचावर वापरायच्या त्याच केबलने, नॉब ६ आणि ३ वर ठेवून ऐकाव्यात. केबल बदलली की निकालही बदलतो.