पब्लिक पॉलिसीला प्रवेश घेतलाय? या चुका टाळा

माझा पहिला पॉलिसी मेमो, म्हणजे एखाद्या प्रश्नावर धोरणाच्या शिफारशी करणारं टिपण, तपासून परत आलं तेव्हा त्यावर लाल शाईत दोनच शब्द होते : ‘शासन म्हणजे?’ विषय होता फुटपाथवरचे अडथळे. चार पानं लिहिली होती आणि ‘शासनाने ठोस पावले उचलावीत’ हे एकच वाक्य शब्द फिरवून सहा वेळा आलं होतं. सर चिडले नव्हते. मी नेमकं कोणाला सांगतेय, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

एम.ए. असो की दोन वर्षांचा मास्टर्स, ज्युनिअर्सचे मेमो वाचताना आजही मला पहिली चूक हीच दिसते. मुंबईत तर ती फार महाग पडते, कारण इथे ‘शासन’ या एका शब्दामागे महापालिका, एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा (गृहनिर्माण), एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण), सार्वजनिक बांधकाम विभाग, दोन जिल्हाधिकारी, रेल्वे आणि बंदर प्राधिकरण एवढी दारं आहेत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२पर्यंत एमएमआरडीएकडे होते, मग पालिकेकडे आले. म्हणजे त्याच खड्ड्याची तक्रार आधी एका दारात करायची होती, नंतर दुसऱ्या. ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी १८ विषय दिले, त्यात नगरनियोजनही आहे, असं आपण परीक्षेत लिहितो. पण झोपडपट्टी पुनर्वसनाचं नियोजन करणारी एसआरए राज्य सरकारची आहे, पालिकेची नाही. मेमो लिहिताना हे विसरलात की शिफारस चुकीच्या टेबलावर जाऊन पडते.

माझा उपाय साधा आहे. प्रत्येक शिफारशीपुढे पेन्सिलीने चार गोष्टी लिहायच्या : कुठल्या कायद्याखाली, फाइल कुठल्या कक्षातून निघणार, पैसा कुठल्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्यातून), आणि शेवटची सही कोणाची. चौथी जागा रिकामी राहिली तर ती शिफारस नाही, संपादकाला पत्र आहे.

तरतूद म्हणजे खर्च नव्हे

मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. ‘पालिकेने ७४ हजार कोटी खर्च केले’ असं वाक्य मी एका सादरीकरणात ऐकलं आणि वर्गात कोणी हू की चू केलं नाही. तो आकडा अंदाजाचा आहे. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तीन निरनिराळे आकडे असतात : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. सरलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च तुम्हाला त्यानंतरच्या पुस्तकांत सापडतो. म्हणून एकाच वर्षाचं पुस्तक उघडून बसू नका. एकच लेखाशीर्ष धरून लागोपाठ तीन-चार वर्षांची पुस्तकं चाळा. जाहीर केलेलं किती, फेब्रुवारीत खाली आणलेलं किती आणि खरंच गेलेलं किती, हे शेजारी शेजारी मांडलं की धोरणावर वेगळं भाष्य करायची फारशी गरज उरत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा पैसा, हेही पाहावं लागतं, नाहीतर हिशोब जुळत नाही आणि माणूस स्वतःच्या बेरजेवर शंका घेत बसतो.

आकड्यांचीच दुसरी खोड म्हणजे दोन ठिकाणच्या व्याख्या एका तक्त्यात घालणं. जनगणनेत ‘ओळखलेली’ झोपडपट्टी म्हणजे किमान ६० ते ७० घरांची किंवा ३०० लोकांची वस्ती. राज्याच्या १९७१च्या झोपडपट्टी कायद्यात वस्तीच्या आणि घरांच्या अवस्थेवर भर आहे. तरीही दोन्हींकडचे आकडे एकाखाली एक मांडून बाण काढलेले तक्ते मी पाहिलेत. माझ्याच वहीत.

‘आधी-नंतर’चा मोह

ज्युनिअर्सना मी नेहमी बेस्टचं उदाहरण देते. जुलै २०१९मध्ये बेस्टचं किमान भाडं पाच रुपयांवर आलं, मे २०२५मध्ये ते दहा रुपये झालं. प्रबंधासाठी याहून सोपा विषय कोणता असेल असं वाटतं : भाडं उतरलं तेव्हा प्रवासी किती वाढले आणि चढलं तेव्हा किती घटले, दोन आलेख काढले की झालं.

आता मधली वर्षं आठवा. मार्च २०२०ला टाळेबंदी. लोकल सर्वसामान्यांना बंद. मध्येच ठरावीक वेळांत चालू, पुन्हा बंद, आणि शेवटी १५ ऑगस्ट २०२१पासून दोन डोस झालेल्यांना मुभा. त्या काळात डोंबिवली-कल्याणकडच्या आम्हा लोकांनी बसच्या रांगांत किती तास काढले ते आम्हालाच ठाऊक. ती गर्दी पाच रुपयांच्या तिकिटामुळे होती की लोकल नव्हती म्हणून? पुढे एप्रिल २०२२पासून पश्चिम उपनगरात मेट्रो २अ आणि ७ टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. त्याच वर्षांत बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या वाढल्या. थांब्यावर गाडीच आली नाही तर भाडं कितीही कमी असो, प्रवासी मोजणार कुठून?

म्हणजे विषय सोडून द्यायचा का? मुळीच नाही, विषय झकास आहे. फक्त प्रश्न बारीक करा. पाच किलोमीटरच्या आतले प्रवास आणि लांबचे प्रवास वेगळे काढता येतात का? मेट्रोला समांतर मार्ग आणि जिथे मेट्रो पोचलीच नाही ते मार्ग यांची तुलना करता येते का? ज्या शेजारच्या शहराने त्या वेळी भाडं बदललं नाही, तिथली बससेवा जोडीला घेता येईल का? आणि गाड्यांची संख्या तक्त्यात घ्यायला विसरू नका. एवढं करूनही उत्तर ‘काही प्रमाणात’ असंच आलं, तर तसंच लिहा. चांगला परीक्षक त्याचे गुण कापत नाही.

गणिताबद्दल एवढंच सांगते : रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत) पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअरवर करायला जाऊ नका. एक्सेलमध्ये वीस ओळी घ्या, सरासरी आणि मध्यक हाताने काढा, ठिपके मांडून पाहा. कला शाखेतून आलेल्यांची निम्मी भीती तिथेच जाते. उरलेल्या निम्म्यासाठी वर्गात एक तरी इंजिनिअर असतोच, त्याला चहा पाजा.

माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे निबंध नव्हे

माझा पहिला अर्ज दीड पानाचा होता. एका कार्यालयाकडे मी पाणीजोडण्या, शौचालयं, कंत्राटदारांची नावं आणि वर ‘ही योजना अयशस्वी का ठरली’ असं सगळं एकदम मागितलं. उत्तर आलं ते फक्त पहिल्या मुद्द्याचं. मी संतापले, मग नियम वाचले. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. जास्त विषय घातले तर पहिल्याचं उत्तर देऊन अधिकारी मोकळा होऊ शकतो. ‘का’ या प्रश्नाला तर तो बांधीलच नाही. कायद्याने माहिती मागता येते ती कागदावर असलेली, कारणमीमांसा नव्हे. तेव्हा ‘अयशस्वी का’ असं विचारण्याऐवजी ‘अमुक तारखेच्या आढावा बैठकीचं इतिवृत्त’ मागा.

यात खरा घोळ वेळेचा होतो. उत्तराची मुदत ३० दिवस. ते नाही आलं तर पहिलं अपील, त्यातही महिना-दीड महिना. प्रबंधाला चार महिने असतील आणि तुम्ही अर्ज दुसऱ्या महिन्यात टाकलात, तर कागद हातात पडेपर्यंत तुमची तोंडी परीक्षा होऊन गेलेली असेल. विषय पक्का होण्याआधीच अर्ज टाका. दहा रुपयांचा प्रश्न आहे.

जीआर खालून वाचा

मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे उगाच बुजतात. इंग्रजी शोधनिबंध वाचताना वेग कमी पडतो, हे खरं. मीही पहिलं सत्र लोकलमध्ये पेन्सिल धरूनच काढलं. पण राज्याचे शासन निर्णय, म्हणजेच जीआर, मराठीत निघतात, आणि ‘विहित’, ‘उपरोक्त’, ‘अनुज्ञेय’ या शब्दांपाशी इंग्रजी माध्यमवाले कसे अडतात ते एकदा बघाच. हे भांडवल वापरा.

बहुतेक जण जीआरची प्रस्तावना वाचून थांबतात. प्रस्तावनेत सगळं गोडच असतं. आधी वरचं ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ बघा. तिथे आधीच्या निर्णयांचे क्रमांक असतात आणि तो धागा धरून मागे गेलात की योजनेचा पूर्ण इतिहास हाती येतो. मग खाली या. ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये प्राप्त सहमतीने’ असं वाक्य आहे का? नसेल तर पैशाचं काय ठरलंय ते शोधावं लागेल. शेवटी ‘प्रत’ची यादी. योजना प्रत्यक्षात कोणाच्या गळ्यात पडणार हे त्या यादीत असतं. माझ्या मेमोवरच्या त्या लाल प्रश्नाचं उत्तर मला अशाच एका यादीत सापडलं.

परदेशी उदाहरणांचा हव्यासही थोडा आवरा. रोजगाराच्या हक्कावर लिहिताना लॅटिन अमेरिका गाठणारी मुलं १९७२च्या दुष्काळातली आपली रोजगार हमी योजना (रोहयो), तिचे जनक वि. स. पागे आणि त्या योजनेच्या पैशासाठी लावलेला व्यवसाय कर यांच्यावरून उडी मारून जातात. पगाराच्या स्लिपवर तो कर घरातल्या कोणाच्या तरी नावावर कापला जातोच आहे.

मुलाखतीला जाताना

वॉर्ड ऑफिसमध्ये सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा तक्रारदारांची झुंबड असते. वीस प्रश्नांची यादी नेऊ नका, पाच पुरे. संस्थेचं पत्र बरोबर ठेवा. आणि रेकॉर्डर टेबलावर ठेवलात की समोरचा माणूस जीआरच्या भाषेत बोलू लागतो, हे धरून चला.

एका कनिष्ठ अभियंत्याने मला वीस मिनिटं प्रस्तावनाच ऐकवली होती. मी फोन पर्समध्ये टाकला, तेव्हा त्याने विचारलं, “बंद केलात ना मॅडम? मग आता सांगतो.” जे सांगितलं ते प्रबंधात त्याच्या नावाने घालता येणार नव्हतं, आणि मी घातलंही नाही. पण बोलता बोलता त्याने एका परिपत्रकाचा क्रमांक सांगितला. तो मी हातावर लिहून घेतला आणि दादरला उतरल्यावर पुढचा अर्ज लिहायला घेतला : एक विषय, साठ शब्द.