गॅसचा वास आलाय? मग या चुका टाळा

गेल्या जुलैमधली गोष्ट. ऐरोलीतल्या आमच्या इमारतीत सकाळी साडेसहाला समोरच्या काकूंनी दार ठोठावलं. "अरे, स्वयंपाकघरात कसलातरी वास येतोय. जरा लाइट लावून बघतोस का?"

रात्रभर पाऊस, त्यामुळे सगळ्या खिडक्या बंद. काकूंनी बारीक गॅसवर दूध ठेवलं, वीज कशाला जाळायची म्हणून दिवा मालवला आणि त्या पूजेला बसल्या. दूध उतू गेलं, बर्नर विझला, नॉब मात्र चालूच. अर्धा तास गॅस नुसता वाहत होता आणि हॉलमध्ये देवघरापुढे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, समई तेवत होती. मी आधी समई शांत केली, मग अंधारातच चाचपडत नॉब आणि रेग्युलेटर बंद केला, बाल्कनीचं दार सताड उघडलं आणि काकूंना खाली नेलं. तोपर्यंत त्यांचा हात दोनदा बटणाकडे गेला होता.

तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात मी बरीच वर्षं सेफ्टीचं काम केलं. तिथे जे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते घरात कुणी सांगत नाही: गॅस एकटा फुटत नाही, फुटतं ते गॅस आणि हवेचं मिश्रण. बातमीत 'सिलिंडरचा स्फोट' असं छापून येतं. पण पुष्कळदा भिंत आडवी झालेली असते आणि सिलिंडर जागच्या जागी शाबूत उभा असतो. फुटलेली असते ती खोली.

भरलेल्या सिलिंडरच्या आत ठिणगी पाडता आली, तरी काही होणार नाही, कारण आत ऑक्सिजनच नाही. एलपीजी पेटायला हवेत त्याचं प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असावं लागतं. त्याहून कमी असेल तर जळणाऱ्या रेणूची उष्णता भोवतालचा नायट्रोजनच गिळून टाकतो, शेजारच्या रेणूपर्यंत ती पोचत नाही. जास्त असेल तर जळायला ऑक्सिजन पुरत नाही. नेमकं प्रमाण काढायला सोपं आहे. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे त्या पाचांसाठी हवेचे जवळपास २४ भाग लागतात. पंचविसात एक, म्हणजे ४ टक्के. या प्रमाणाच्या आसपास भडका सगळ्यात जोरकस होतो.

आता शेगडीवर तोच गॅस गुपचूप जळतो आणि खोलीत धडाका का होतो? शेगडीवर गॅस जेवढा येईल तेवढाच जळतो, ज्योत पुरवठ्याला बांधलेली असते. खोलीत मात्र सगळं आधीच कालवून तयार असतं. ठिणगी पेटवते ती वाटाण्याएवढी जागा. तिची उष्णता शेजारचा थर पेटवते, तो पुढचा, आणि कपाटं-डबे मध्ये आले की खळबळ माजून ज्योत आणखी वेग घेते. तापलेल्या वायूला सात-आठ पट फुगायचं असतं. उघड्या मैदानात तो 'भप्प' करून फुगतो. बंद खोलीत फुगायला जागा नाही, म्हणून दाब चढतो. आपल्याकडची साडेचार इंची विटांची भिंत वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जादा दाबही सोसत नाही.

किती गॅस पुरतो म्हणाल, तर आठ बाय सातचं स्वयंपाकघर, उंची नऊ फूट, म्हणजे जेमतेम १४ घनमीटर हवा. तिचे २ टक्के म्हणजे सुमारे २८५ लिटर गॅस, वजनात ६०० ग्रॅमच्या आसपास. सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. त्यात एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड, त्यामुळे तो सगळीकडे सारखा पसरत नाही, फरशीवर साचतो. खालच्या एक फुटाचा थर ४ टक्क्यांवर न्यायला दीडशे ग्रॅमसुद्धा खूप झाले.

पहिली चूक: बटण दाबणं, चालू करायला किंवा बंद करायला

'लाइट लावू नका' हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मग चालू असलेला पंखा लोक घाईघाईने बंद करतात. स्विचचे पत्रे एकमेकांपासून सुटतात तेव्हाही ठिणगी पडते, आणि पंख्यासारख्या मोटरच्या बाबतीत ती बंद करताना जास्त ठसठशीत असते. प्रोपेन-हवा मिश्रण पेटायला लागणारी ऊर्जा सुमारे पाव मिलिज्यूल. छातीच्या उंचीवरून सुटलेला तांदळाचा एक दाणा जमिनीवर आपटतो, तेवढी! त्यामुळे जे चालू आहे ते चालू राहू द्या, जे बंद आहे ते बंद. एक्झॉस्ट फॅन लावून गॅस बाहेर काढू, हा विचार तर अजिबात नको.

फ्रिजचं काय? तो कुणाला न विचारता स्वतःच चालू-बंद होतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर नेमका फरशीलगत. म्हणून वास दाट असेल तर खाली मीटर रूममध्ये जाऊन आपल्या फ्लॅटचा मेन स्विच पाडायचा. घरातला एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा छोटा खटका, नको, त्यातही ठिणगी आहेच. जाताना लिफ्ट नको, जिना घ्या.

दुसरी चूक: फक्त वरची खिडकी उघडणं

आपल्या खिडक्या ओट्याच्या वर असतात आणि एलपीजी ओट्याच्या खाली. खिडकी उघडली की वास कमी झाल्यासारखा वाटतो, पायाशी गॅस तसाच. दार उघडायला हवं, शक्यतो बाल्कनीचं, कारण जिन्याकडचं उघडलं तर गॅस पायऱ्यांवरून खालच्या मजल्यावर उतरतो.

पाइपचा गॅस असेल तर हिशोब उलटा. ठाणे-नवी मुंबईत महानगर गॅसची जोडणी असलेली घरं पुष्कळ आहेत. तो नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, पेटण्याचा पट्टा ५ ते १५ टक्के. तो वर चढतो आणि माळ्यावर, फॉल्स सीलिंगमध्ये दडतो. तिथे वरची खिडकी उपयोगाची. घरात कुठला गॅस आहे हे सगळ्यांना माहीत असावं, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा.

तिसरी चूक: 'एवढा दाट आहे, आता पेटणारच नाही'

हे मी एका शिकलेल्या माणसाकडून ऐकलंय. आकड्यांच्या भाषेत तो चुकला नव्हता, ९.५ टक्क्यांच्या वर मिश्रण पेटत नाही. पण दार उघडलं की तेच मिश्रण पातळ होत कमी टक्क्यांकडे येतं आणि वाटेत नेमकं त्या धोक्याच्या पट्ट्यातून जातं. दार उघडायचंच, फक्त तेवढ्या वेळात ठिणगी नको आणि आपणही आत नको.

चौथी चूक: लायटर टकटकवत राहणं

ही रोजची. नॉब उघडला, लायटर दहादा दाबला, पेटत नाही, नॉब उघडाच. अकराव्या वेळी भपका येतो आणि भुवया जळतात. दोन-तीनदा नाही पेटलं तर नॉब बंद करा, मिनिटभर थांबा, मग पुन्हा. ओव्हन आणि गॅस गीझरला तर हे दुप्पट लागू, कारण तिथे गॅस कोंडायला डबाच तयार असतो.

पाचवी चूक: सिलिंडर ट्रॉलीत बंद करणं

दिसायला छान दिसतं, कबूल. पण खाली झरोका नसलेलं बंद कपाट म्हणजे मिश्रण तयार करायचं भांडंच. दाराला तळाशी जाळी लावून घ्या. त्याच कपाटात झुरळांचा स्प्रे मारताना शेजारची शेगडी चालू नको. बऱ्याच स्प्रेमध्ये ढकलायला वापरलेला वायू एलपीजीच असतो.

गळती कुठून होते ते शोधायला काडी पेटवणारे अजूनही भेटतात. त्यांच्याबद्दल काय बोलणार! साबणाचं दाट पाणी करा आणि रेग्युलेटरच्या जोडावर, ट्यूबच्या दोन्ही टोकांना, नॉबच्या मुळाशी लावा. बुडबुडा फुगला तिथे गळती. नवीन सिलिंडर जोडल्या जोडल्या वास आला, तर संशय पहिला व्हॉल्व्हमधल्या रबरी रिंगवर. ती चिरलेली किंवा गायब असते. रेग्युलेटर काढा, सुरक्षा टोपी लावा आणि सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवा. काही दिवसांनी, रोज थोडा थोडा वास येत असेल तर ट्यूब बघा. भगवी सुरक्षा ट्यूब पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावर छापलेली असते, तेलकट थर पुसला की दिसते. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तो बाहेर पडून फिरवायचा, स्वयंपाकघरात उभं राहून नाही.

हेच गणित गॅरेजमध्येही लागू, आणि तिथे ते उलटं फसवतं. पेट्रोल किंवा थिनरचा भरलेला ड्रम वेल्डर हात लावायला घाबरतो, रिकामा बेधडक कापायला घेतो. भरलेल्यात हवा कमी. रिकाम्यात तळाची वाफ आणि हवा, दोन्ही मोजून घातल्यासारखी. पेट्रोलची वाफ पेटायला ती हवेत दीड टक्का असली तरी पुरते.

राहिला नाकाचा प्रश्न. गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात मर्कॅप्टन नावाची उग्र वासाची रसायनं मिसळतात. पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यालाच तो कळावा, असं प्रमाण ठेवलेलं असतं. पण दहा-पंधरा मिनिटं त्याच वासात राहिलं की नाक सरावतं आणि 'गेला वाटतं' असं होतं. काकूंनाही अर्ध्या तासाने तसंच वाटायला लागलं होतं. म्हणून खालच्या मजल्यावरच्या मुलाला वर बोलावलं, तो नुकताच क्लासहून आला होता. त्याने दारातच उभं राहून दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "आजी, गॅसचा नाही, करपलेल्या दुधाचा येतोय."