घाणेरी कुठून कापली, तेही लिहा

अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्राच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. घाणेरी म्हणजे लँटाना, जंगलात माजणारं परकं झुडूप. 'इतक्या हेक्टरवरची घाणेरी काढली' हे वाक्य आमच्या अहवालात दरवर्षी असायचं. तीच घाणेरी पावसात पुन्हा फुटली, हे कुठेच नसायचं. आमचे अहवाल वाचून दुसऱ्या क्षेत्रातली माणसंही तशीच जमिनीलगत कापत राहिली. त्यांची मेहनत वाया गेली याची बोच मला अजून आहे.

म्हणून दुसऱ्या क्षेत्रातल्यांना अनुभव सांगायचा असेल तर एकच काम निवडा आणि ते हाताने करणाऱ्याला उपयोगी पडेल इतकं बारीक लिहा. घाणेरीचंच घ्या. जिथून धुमारे फुटतात त्याच्या खाली, मातीत, मूळ तोडायचं. झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे बुंधा मातीला टेकून पुन्हा रुजत नाही. पक्षी फळं खाऊन ज्या झाडांवर बसतात त्यांच्याखाली बिया पडतात, तेव्हा पावसात तिथली रोपं उपटायला परत जायचं. किती माणसं, किती दिवस, कोणती माती, वर्षभराने काय दिसलं, हेही येऊ द्या. दोन पानं पुरतात.

फसलेलं काम आधी लिहा. पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर 2011 मध्ये उंदीर संपवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं गेलं, पण काही उंदीर वाचले. मोहिमेशी जोडलेल्या लोकांनी कारणं शोधली आणि ती छापली. त्या काळात बेटावर नैसर्गिक खाद्य भरपूर असल्याने काही उंदरांनी आमिष खाल्लंच नसावं, हा त्यांचा एक तर्क. दुसऱ्या बेटावर मोहीम आखणाऱ्याला याहून मोलाचं काय मिळणार?

क्षेत्राचं व्यवस्थापन कितपत परिणामकारक आहे हे तपासणारी 'मेट' प्रश्नावली भरत असाल तर शून्य ते तीन गुण देऊन थांबू नका. शेजारचा शेऱ्याचा रकाना भरा. नुसत्या 'एक' गुणावरून कुणाला काही शिकता येत नाही.

सगळ्यात जास्त ज्ञान मात्र न लिहिणाऱ्यांकडे असतं. गस्त घालणाऱ्याला कार्यालयात बोलावून विचाराल तर तो 'सगळं ठीक आहे' म्हणेल. त्याच्याबरोबर चाला, पाऊलखुणेपाशी थांबा आणि तिथेच विचारा. त्याचा आवाज रेकॉर्ड करा. कलहारीतल्या सान मागकाढ्यांना वाचता येत नसलं तरी माग नोंदवता यावेत, म्हणून 'सायबरट्रॅकर' हे नोंदी घेण्याचं सॉफ्टवेअर चित्रांच्या खुणांवर बांधलं गेलं. फॉर्म माणसाला जमेल असा हवा, हे मी त्यावरून शिकलो.

स्थानिकांनी सांगितलेलं त्यांच्या परवानगीशिवाय पुढे देऊ नका. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा आणि नाव हवं असेल तर त्यांचंच घाला. दुर्मीळ वनस्पतीची जागा किंवा घरट्याचा नेमका ठावठिकाणा कधीही उघड करू नका. चोर शिकारीही वाचतात.

शेवटी, कागद पाठवून काम संपलं असं समजू नका. दोन क्षेत्रांतल्या वनरक्षकांना चार दिवस एकमेकांकडे पाठवा, साहेबांना नव्हे. कुदळ हातात घेऊन एक झुडूप दोघांनी मिळून काढू दे. आणि पुढच्या पावसात फोन करून विचारा: झाडाखालची रोपं उपटायला कोण गेलं होतं?